बॉयकॉट नावाचा माणूस

मराठीतून लेख लिहायची ही माझी पहिलीच वेळ. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये होतो. तिथे मराठी म्हणजे कसंबसं पास व्हायचा विषय, आणि वर्गात चुकून मराठीत बोललं की दंड. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ, ‘न’ आणि ‘ण’ यांच्याशी माझं फारसं पटत नाही. हा लेख छापण्याआधी एका मित्राने तपासून दिला आहे, तरी काही राहिलं असेल तर सांभाळून घ्या.

विषय आहे ‘बॉयकॉट’. हॉस्टेलवर राहणाऱ्यांना हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. लेक्चरचा बॉयकॉट, सबमिशनचा बॉयकॉट, गॅदरिंगला आपल्या ब्रँचला स्लॉट दिला नाही म्हणून गॅदरिंगचा बॉयकॉट... आपण सगळेच या शब्दाची जुनी गिऱ्हाइकं! गेल्या वर्षी मेसच्या डाळीत लागोपाठ तीन दिवस अळ्या निघाल्या तेव्हा आमच्या ब्लॉकने मेसचा बॉयकॉट केला. कॉन्व्हेंटवाला म्हणून इंग्रजी पोस्टर लिहायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. मार्कर हातात घेतला आणि अडलो. शब्दाच्या शेवटी टी एक की दोन? लाज वाटून मोबाईल कुणाकडे मागितला नाही (माझा चार्जिंगला होता), सरळ रीडिंग रूममधली जाडजूड डिक्शनरी उघडली. टी दोन होते. पण खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा शब्द एका माणसाच्या आडनावावरून आला आहे. इतकी वर्षं क्रियापद म्हणून वापरलेला शब्द चक्क एक माणूस निघाला!

तेव्हा मी हसलो आणि पोस्टर पूर्ण केलं. बॉयकॉट यशस्वी झाला. चौथ्या दिवशी कॉन्ट्रॅक्टर नमला, रेक्टरसरांसमोर लेखी कबूल झाला, डाळ बदलली. पण त्या चार दिवसांत माझा रूम पार्टनर मेसमध्ये जेवत होता. एकटाच. सगळ्या ब्लॉकने ते पाहिलं आणि त्याच्याशी बोलणं बंद केलं. मेसचा बॉयकॉट चार दिवसांत संपला, त्याचा मात्र तीन आठवडे चालला. आणि त्यात मीही होतो, एकाच खोलीत राहून. त्या तीन आठवड्यांत खोलीत बसवत नसे म्हणून मी लायब्ररीत बसायचो, आणि तिथे या बॉयकॉट नावाच्या माणसाबद्दल मिळेल ते वाचत गेलो. आता त्याचीच गोष्ट सांगतो. रूम पार्टनरचं शेवटी.

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट १२ मार्च १८३२ रोजी इंग्लंडमध्ये, नॉरफोक परगण्यातल्या बर्ग सेंट पीटर या गावी जन्मला. वडील तिथल्या चर्चचे धर्मगुरू. गंमत म्हणजे जन्माच्या वेळी घराण्याचं आडनाव बॉयकॅट असं होतं. १८४१ मध्ये वडिलांनी त्यातला एक स्वर बदलून बॉयकॉट केलं. त्यांनी तसं केलं नसतं तर आज आपण सगळे मेसचा बॉयकॅट केला असता!

मुलाला लहानपणापासून लष्कराचं वेड. १८४८ मध्ये तो वूलिचच्या रॉयल मिलिटरी अकॅडमीत दाखल झाला. तोफखान्याचे अधिकारी आणि लष्करी इंजिनिअर घडवणारी ही संस्था, म्हणजे एका अर्थाने आपलीच बिरादरी. पण १८४९ मध्ये परीक्षेत नापास झाला आणि त्याला काढून टाकण्यात आलं. आपल्याकडे निदान एटीकेटी तरी असते. त्या काळात ब्रिटिश सैन्यात अधिकाऱ्याची जागा पैसे भरून विकत घेता येत असे. घरच्यांनी १८५० मध्ये ४५० पौंड मोजून त्याला ३९व्या पायदळ पलटणीत जागा घेऊन दिली. पलटण आयर्लंडला गेली, तिच्याबरोबर हाही गेला. तिथे तो बरेच महिने आजारी पडला आणि १८५२ मध्ये त्याने ती जागा विकून टाकली. म्हणजे लष्करातली नोकरी जेमतेम तीन वर्षांची, आणि तीही अगदी खालच्या हुद्द्यावरची. तो कॅप्टन कधी झालाच नाही. पण पुढे सगळे त्याला कॅप्टन म्हणू लागले आणि त्यानेही ते चालू दिलं. जगाच्या इतिहासात तो कॅप्टन बॉयकॉट म्हणूनच राहिला.

१८५२ मध्येच त्याने अ‍ॅनी डन नावाच्या आयरिश मुलीशी लग्न केलं आणि आयर्लंडमध्येच शेती करायचं ठरवलं. काही काळ टिपरेरी परगण्यात, मग पश्चिम किनाऱ्यावरच्या अ‍ॅकिल नावाच्या बेटावर. अटलांटिकचा वारा अंगावर घेणारं हे उजाड बेट. तिथे त्याने जवळजवळ दोन हजार एकर जमीन खंडाने घेतली आणि वीस-एक वर्षं काढली. मेहनती माणूस होता, यात वाद नाही. पण शेजाऱ्यांशी त्याचं जमत नसे. कोर्टकज्जे चालूच.

१८७३ मध्ये तो मेयो परगण्यात, लॉक मास्क या मोठ्या सरोवराच्या काठी आला. जवळचं गाव बॅलिनरोब. इथली जमीन लॉर्ड अर्न नावाच्या जमीनदाराची. या लॉर्डसाहेबांची आयर्लंडभर मिळून चाळीस हजार एकर जमीन होती आणि ते स्वतः राहत लांब फर्माना परगण्यात. बॉयकॉटने त्यांच्याकडून सहाशेहून जास्त एकर शेत आणि सरोवराकाठचं घर ३१ वर्षांच्या कराराने घेतलं, आणि त्याबरोबर आसपासच्या जमिनीची कारभारकी पत्करली. म्हणजे काय, तर लॉर्डच्या पस्तीस-चाळीस कुळांकडून खंड वसूल करायचा, त्यावर दहा टक्के कमिशन घ्यायचं, आणि जो खंड देणार नाही त्याला जमिनीवरून हाकलायची कागदपत्रं करायची.

इथे थोडं थांबून त्या व्यवस्थेबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आयर्लंडमधली बहुतेक जमीन मूठभर जमीनदारांच्या ताब्यात होती. कसणारा शेतकरी म्हणजे कूळ. त्याने बांध घातला, दगड वेचून जमीन सुधारली, घर बांधलं, तरी मालकाच्या मनात आलं की एका नोटिशीवर सगळं सोडून बाहेर. १८४५ ते १८४९ या काळात बटाट्याचं पीक रोगाने गेलं आणि दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली. तेवढीच देश सोडून गेली. खंड भरता आला नाही म्हणून हजारो कुटुंबं त्याच काळात रस्त्यावर आली. मायकेल डेव्हिट या मेयोच्याच मुलाचं कुटुंब १८५० मध्ये असंच घराबाहेर काढलं गेलं, तेव्हा तो चार वर्षांचा होता. पुढे इंग्लंडमधल्या गिरणीत काम करताना अकराव्या वर्षी त्याचा उजवा हात गेला. याच डेव्हिटने २१ ऑक्टोबर १८७९ रोजी शेतकऱ्यांची लँड लीग उभी केली. अध्यक्ष झाले चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल, जे स्वतः जमीनदार होते. मागण्या तीन: खंड रास्त असावा, खंड भरणाऱ्याला जमिनीवरून काढू नये, आणि कुळाला आपला हक्क विकता यावा.

१८७९ चं साल परत नापिकीचं गेलं. दुष्काळाची आठवण असलेली माणसं अजून जिवंत होती. ती घाबरली.

अशा वेळी बॉयकॉट काय करत होता? तर नियम पाळत होता. त्याच्याबद्दल असं सांगतात की कुणाची कोंबडी त्याच्या हद्दीत शिरली, कुणाकडून फाटक उघडं राहिलं, तरी तो दंड करायचा. जळणासाठी लाकूडफाटा गोळा करायलाही त्याने बंदी घातली. मी जे काही वाचलं त्यावरून हा माणूस राक्षस नव्हता. मेयोमध्ये त्याच्यापेक्षा कितीतरी क्रूर कारभारी आणि जमीनदार होते. तो फक्त नियमावर बोट ठेवून चालणारा, कुणाची अडचण न विचारणारा माणूस होता. असा एखादा प्रत्येक ऑफिसात असतो, नाही का?

१८८० च्या शरदात खंड भरायची वेळ आली. लॉर्ड अर्न दहा टक्के सूट द्यायला तयार होते, कुळं पंचवीस टक्के मागत होती. लॉर्डसाहेबांनी नकार दिला आणि बॉयकॉटने अकरा कुळांविरुद्ध नोटिसा काढल्या.

त्याच सुमाराला, १९ सप्टेंबर १८८० रोजी, एनिस गावच्या सभेत पार्नेलनी लोकांना एक प्रश्न विचारला. शेजाऱ्याला हाकलून दिलेली जमीन जो कुणी खंडाने घेईल, त्याचं काय करायचं? गर्दीतून आवाज आला की गोळी घाला. पार्नेलनी त्यापेक्षा वेगळा मार्ग सांगितला. त्याला हात लावू नका. रस्त्यात, दुकानात, बाजारात, चर्चमध्ये, कुठेही तो भेटला तरी त्याच्याशी कसलाही संबंध ठेवू नका. त्याला एकटं पाडा.

हे भाषण झालं आणि तीनच दिवसांनी, २२ सप्टेंबरला, बेलिफ नोटिसा वाटायला लॉक मास्कला आला. बरोबर सतरा पोलीस. तीन नोटिसा बजावून झाल्या. चौथ्या घरापाशी बाईने नोटीस घ्यायला नकार दिला आणि शेजारपाजारच्या बायकांना बोलावलं. बायकांनी दगड, चिखल, शेण, जे हाताला लागेल ते फेकायला सुरुवात केली. बेलिफ आणि पोलीस पळत सुटले ते बॉयकॉटच्या घरात जाऊन लपले. हा जगप्रसिद्ध लढा अशा रीतीने गावच्या बायकांनी सुरू केला.

दुसऱ्या दिवशी लोक बॉयकॉटच्या शेतावर आले आणि त्यांनी गड्यांना काम सोडायला सांगितलं. गडी गेले. घरातली नोकरमाणसं गेली. लोहाराने घोड्याला नाल मारणं बंद केलं. धोबिणीने कपडे धुणं सोडलं. बॅलिनरोबच्या दुकानदारांनी सामान देणं थांबवलं, पोस्टाची थैली आणणाऱ्या पोराला अडवलं. पुतण्या स्वतः थैली आणायला जाऊ लागला तर त्यालाही दम मिळाला. आपल्याकडच्या जुन्या गावात बारा बलुतेदारांनी एका वाड्याचं काम एकाच दिवशी बंद केलं तर काय होईल, तसंच. सामान लांबच्या गावाहून होडीने आणावं लागे. पत्नी आणि पुतण्या मिळून घरची माणसं जनावरांचं शेणपाणी करू लागली. शेतात बटाटे, सलगम, धान्य तयार उभं, आणि कापायला माणूस नाही.

सगळं शांततेत झालं असं मात्र नाही. काम सोडायला तयार नसलेल्यांना धमक्या मिळाल्या, कुंपणं पाडली गेली, पिकं तुडवली गेली. २५ सप्टेंबरला तिथून काही मैलांवर लॉर्ड माउंटमॉरिस या जमीनदाराचा गोळ्या घालून खून झाला. बॉयकॉट पोलिसांच्या पहाऱ्याशिवाय घराबाहेर पडू शकत नव्हता. त्याच्या भीतीला कारण होतं.

आता शब्दाची गोष्ट. शेजारच्या द नील गावचे पाद्री फादर जॉन ओ’मॅली हे या चळवळीचे स्थानिक पुढारी. त्यांच्याकडे जेम्स रेडपाथ नावाचा अमेरिकन पत्रकार जेवायला होता. रेडपाथनेच पुढे हकीकत लिहून ठेवली आहे. तो जेवता जेवता थांबला, कारण या नव्या प्रकाराला नाव काय द्यावं ते त्याला सुचेना. इंग्रजीत ‘ऑस्ट्रसाइज’ असा शब्द आहे. प्राचीन अथेन्समध्ये नागरिक फुटक्या खापरावर नाव कोरून एखाद्याला दहा वर्षांसाठी शहराबाहेर घालवत, त्या खापराच्या ग्रीक नावावरून तो आला. पण फादरांचं म्हणणं पडलं की हा जड शब्द माझ्या शेतकऱ्यांना कळणार नाही. त्यांनी कपाळावर बोटं आपटत थोडा विचार केला आणि मग सुचवलं की ज्याच्यावर हे चाललंय त्याचंच नाव का देऊ नये?

झालं! रेडपाथने तो शब्द अमेरिकेच्या वर्तमानपत्रात नेला. नोव्हेंबर १८८० मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’मध्येही तो आला. थोड्याच काळात फ्रेंच, जर्मन, डच, रशियन अशा भाषांनी तो उचलला. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचा पहिला खंड १८८८ मध्ये पूर्ण झाला, त्यात हा शब्द आहे. त्या वेळी बॉयकॉट जिवंत होता. आपलंच आडनाव डिक्शनरीत क्रियापद म्हणून वाचताना त्याला कसं वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

त्याला प्रसिद्धी मिळाली त्याला थोडासा तो स्वतःही जबाबदार आहे. त्याने ‘द टाइम्स’ला पत्र लिहून आपले हाल कळवले. १८ ऑक्टोबरला ते छापून आलं आणि इंग्लंडात एकच गदारोळ उडाला. वार्ताहर आले, वर्गणी सुरू झाली. उत्तरेकडच्या कॅव्हन आणि मोनाहन परगण्यांतले पन्नास ऑरेंजमेन, म्हणजे इंग्लंडच्या राणीशी एकनिष्ठ असलेले प्रोटेस्टंट, त्याचं पीक काढायला निघाले. त्यांच्या रक्षणासाठी सरकारने सुमारे नऊशे सैनिक पाठवले. क्लेअरमॉरिस स्टेशनवर सगळे उतरले आणि भर पावसात चालत निघाले, कारण त्यांना गाडी द्यायला कुणीच तयार नव्हतं. १२ नोव्हेंबरला ते लॉक मास्कला पोचले. फादर ओ’मॅलींनी लोकांना बजावलं होतं की कुणी रस्त्यावर येऊ नका, दगड तर अजिबात उचलू नका. लोकांनी ते ऐकलं.

दोन आठवडे पन्नास माणसं चिखलातून बटाटे उकरत होती आणि नऊशे सैनिक त्यांच्याकडे बघत उभे होते. सैनिकांच्या तंबूंनी आणि घोड्यांनी बॉयकॉटच्याच आवाराची नासधूस झाली. आता जरा इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्स. पिकाची किंमत होती साधारण ५०० पौंड. ते काढायला सरकारचा आणि मदत करणाऱ्यांचा मिळून खर्च आला अंदाजे १०,००० पौंड. एका पौंडाच्या मालाला वीस पौंड! गावकऱ्यांनी एकही गोळी न झाडता जगातल्या सगळ्यात मोठ्या साम्राज्याला हिशेबात हरवलं.

मंडळी परत निघाली तेव्हाचा एक किस्सा सांगतात. रस्ता सगळा रिकामा, फक्त एक म्हातारी भिंतीला टेकून उभी होती. फादर ओ’मॅलींनी तिला सगळ्यांसमोर लटकं रागावलं की ब्रिटिश फौजेला घाबरवू नका म्हणून सांगितलं होतं ना!

२७ नोव्हेंबर १८८० रोजी बॉयकॉट कुटुंबाने घर सोडलं. घोडागाडी हाकायला एकही माणूस मिळाला नाही, म्हणून लष्कराच्या रुग्णवाहिकेतून त्यांना नेलं. डब्लिनला ते एका हॉटेलात उतरले तर हॉटेलवाल्याला धमकीची चिठ्ठी आली आणि त्याने जागा सोडायला सांगितलं. १ डिसेंबरला ते बोटीने इंग्लंडला गेले. सरकारकडे त्याने नुकसानभरपाई मागितली. मिळाली नाही.

इथे आपण समजतो की गोष्ट संपली. मलाही तसंच वाटलं होतं. पण पुढचंच मला जास्त लक्षात राहिलं. १८८१ मध्ये तो अमेरिकेला मित्रांकडे गेला, तेव्हा प्रवासात त्याने आपलं आडनाव वापरलं नाही. कनिंगहॅम म्हणून गेला. त्याच वर्षी शरदात तो चक्क लॉक मास्कला परत आला! वेस्टपोर्टच्या बाजारात लोकांनी त्याची हुर्यो केली, त्याचा पुतळा जाळला. तरी तो राहिला. हळूहळू लोकांचा राग निवळला, आणि त्याने आणखी चार-पाच वर्षं तिथे शेती केली. दरम्यान १८८१ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी नवा जमीन कायदा केला आणि लँड लीगच्या तिन्ही मागण्या बऱ्याच अंशी कायद्यात आल्या. भांडणाचं मूळच ढिलं झालं. १८८६ मध्ये बॉयकॉट इंग्लंडला सफोक परगण्यात फ्लिक्स्टन इथे दुसऱ्या एका मालकाचा कारभारी म्हणून गेला. पण सुट्टी घालवायला मात्र तो आयर्लंडलाच येत राहिला. १९ जून १८९७ रोजी, पासष्टाव्या वर्षी, तो फ्लिक्स्टनला वारला. जन्मगावी, वडिलांच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं.

कुळांचा पक्ष न्यायाचा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यांच्याकडे दुसरं काय होतं? कोर्ट मालकाचं, पोलीस मालकाचे, पार्लमेंट मालकाचं. स्वतःच्या हातचं काम न देणं, एवढंच त्यांच्या हातात होतं. आणि लँड लीग नुसता नकार द्या म्हणून थांबली नाही. घरातून काढलेल्या कुटुंबांना जगवण्यासाठी तिने पैसा गोळा केला, अगदी अमेरिकेतल्या आयरिश लोकांकडूनही. हा मुद्दा मी वाचताना पेन्सिलने अधोरेखित केला होता (ग्रंथपालसर, माफ करा).

पण वाचता वाचता एक गोष्ट खटकत राहिली. कामाला माणूस नाही, दुकानात सामान नाही, लोहार नाही, धोबी नाही, कुणी बोलत नाही. ही यादी मला ओळखीची वाटली. आपल्याकडे याला वाळीत टाकणं म्हणतात! ‘बॉयकॉट’ शब्द जन्मायच्या कितीतरी आधीपासून आपल्या गावांना ही कला येत होती. ‘बहिष्कार’ हा शब्दही जुनाच, जातीबाहेर टाकण्यासाठी वापरला जाणारा. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल टिळक, रानडे यांच्यावर ग्रामण्य झालं, ते याच जुन्या अर्थाने. आणि पंधरा वर्षांनी वंगभंगाच्या चळवळीत त्याच टिळकांनी परदेशी मालावर बहिष्काराची हाक दिली, ती नव्या अर्थाने. १९०५ मध्ये पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली, तेव्हा फर्ग्युसनचे विद्यार्थी असलेल्या सावरकरांना दहा रुपये दंड झाला आणि हॉस्टेल सोडावं लागलं. हॉस्टेल आणि बॉयकॉट यांचं नातं असं जुनं आहे.

त्याच शब्दाची दुसरी बाजू बाबासाहेबांच्या संस्थेच्या आणि पत्राच्या नावातच दिसते. १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२७ चं ‘बहिष्कृत भारत’. ज्यांनी पाण्याचा हक्क मागितला, त्यांनाच गावांनी काम आणि दुकानातलं सामान बंद करून वठणीवर आणायचा प्रयत्न केला. २०१६ मध्ये महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला, म्हणजे हे काही फक्त पुस्तकातलं नाही.

मग बॉयकॉट चांगला की वाईट? मला एवढंच उमगलं की हत्यार तेच असतं, ते वरच्या दिशेने चाललंय की खालच्या, हे बघावं लागतं. कॅप्टन बॉयकॉटला एकटं पाडलं तेव्हा त्याच्या मदतीला नऊशे सैनिक आले, लंडनच्या पेपरने पत्र छापलं, आणि शेवटी बोटीत बसून जायला त्याच्यापाशी दुसरा देश होता. ज्याच्यापाशी यातलं काहीच नाही, त्याला एकटं पाडलं तर?

आता माझा रूम पार्टनर. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री मी त्याला विचारलं की त्या चार दिवसांत तू मेसमध्ये का जेवलास? हा प्रश्न एकवीस दिवसांत ब्लॉकमधल्या एकानेही विचारला नव्हता. उत्तर एका वाक्याचं होतं. मेसचे पैसे आगाऊ भरलेले होते, आणि बाहेर दोन वेळ जेवायला खिशात पैसे नव्हते. आम्ही बाकीचे चार दिवस समोरच्या हॉटेलात थाळी खाऊन बॉयकॉट करत होतो. आमच्या बॉयकॉटची किंमत घरून येणाऱ्या पैशातून जात होती. त्याची कुठून जाणार? लोहाराने, धोबिणीने काम सोडलं तेव्हा त्यांनी स्वतःची मजुरी सोडली होती. आम्ही काय सोडलं होतं? आणि आम्ही कमिटी केली, पोस्टर केलं, पण चार दिवस सगळ्यांच्या जेवणाचा फंड करावा हे कुणालाच सुचलं नाही.

मी त्याला सॉरी म्हटलं. तो ठीक आहे म्हणाला आणि पुस्तकाकडे वळला. ते लगेच ठीक झालं नाही, वेळ लागला. बॉयकॉटलाही परत आल्यावर आधी पुतळा जळताना बघावा लागला होता, पण गावाने नंतर त्याला राहू दिलं.

मेसच्या जेवणाबद्दल परत कधी भांडायची वेळ येईलच, डाळीचा भरवसा कुणी द्यावा! तेव्हा पोस्टर मीच लिहीन, स्पेलिंग आता पाठ आहे. पण त्याआधी प्रत्येक खोलीत जाऊन विचारायचं की कुणाला अडचण आहे का, आणि वर्गणीचा डबा फिरवायचा, असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे.

हो, आणि सुरुवातीला ज्याने ऱ्हस्व-दीर्घ तपासले म्हणून सांगितलं, तो मित्र हाच. मराठी माध्यमाचा आहे. पहिल्या पानावर त्याने माझ्या सत्तावीस चुका काढल्या.